परसदार : लिंबाची पानं रात्रीतून कोण खातं?

मृग लागला, दोन चांगले पाऊस झाले, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. उन्हाळाभर ‘तुळस का वाळते’ आणि ‘मोगऱ्याला कळी का धरत नाही’ असं विचारणाऱ्या मैत्रिणी एकदम लिंबावर येतात. या खेपेला गठ्ठा सोडला तर निम्मी पत्रं लिंबाचीच निघाली. त्यातलं परतवाड्याहून आलेलं एक पत्र जरा सविस्तर देते, कारण पुष्कळ जणींची तक्रार त्यात आपोआप येऊन जाते.

ताई लिहितात : “दोन वर्षांमागं वरूडहून कागदी लिंबाचं रोप आणून अंगणात मोठ्या ड्रममध्ये लावलं. यंदा पाऊस पडला आणि अशी कोवळी पालवी फुटली की बघत राहावं. गुरुवारी मी माहेरी गेले, सोमवारी परतले, तर शेंड्याकडं नुसत्या काड्या आणि काटे. उरल्या पानांवर पाखरांनी घाण केलेली तेवढी दिसते, किडा म्हणाल तर एकही नाही. आमचे भासरे म्हणतात, शेतातून कपाशीवर मारायचं औषध बाटलीत घालून देतो, एकदा फवारलं की वर्षभर बघायला नको. फवारू का? घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, म्हणून मन धजत नाही.”

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. फवारू नका, आणि ती बाटली घरात येऊच देऊ नका. तुमचं मन धजत नाही ते अगदी बरोबर आहे. का, ते पुढं सांगते, आणि ऐकीव नाही, अंगावर आलेलं सांगते. पण आधी तुमचं झाड.

तुमच्या पत्रातच चोर सापडला आहे, फक्त तुम्ही त्याला ओळखलं नाही. पानावर पाखरांची घाण म्हणता ना, तीच अळी! तुम्हाला हसत नाही बरं का. लग्न होऊन मी अकोल्याला आले त्या पहिल्या पावसाळ्यात मी रोज सकाळी ओलं फडकं घेऊन लिंबाची पानं पुसत असे, आणि चिमण्यांना बोल लावत असे. आमच्याकडे धुण्या-भांड्याला येणारी मावशी एक दिवस कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. म्हणाली, “काहून वं बाई, काय पुसून रायली? थे घान नोय, अळी हाये अळी! बोट लावून पाय, कशी शिंगं काढते ते!” बोट लावलं. आणि खरोखरच त्या घाणीनं डोकं वर केलं, मानेमागून नारिंगी रंगाची दुभंगलेली शिंगं बाहेर काढली आणि एक आंबूस उग्र वास सोडला. मी फडकं टाकून घरात पळाले, ते मावशीनं पुढं चार घरी सांगितलं.

ही लिंबाच्या फुलपाखराची अळी. फुलपाखरू तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं असतं : काळ्या पंखांवर पिवळसर ठिपक्यांची रांगोळी, मागच्या पंखावर आतल्या कडेला विटकरी-लाल ठिपका. कोवळ्या शेंड्याभोवती ते घिरट्या घालतं, पानाला क्षणभर टेकतं आणि उडतं. आपल्याला वाटतं, किती सुंदर! ते तेवढ्या वेळात एक अंडं ठेवून गेलेलं असतं. अंडं राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, गोल, फिक्कट पिवळं, आणि एका ठिकाणी एकच. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते. लहानपणी ती काळी-तपकिरी, मध्ये पांढरा डाग, अगदी पाखराच्या शिटेसारखी. हे सोंग कशासाठी, तर पाखरांनी तिला खाऊ नये म्हणून. शीट कोण खाणार? मोठी झाली की सोंग बदलते, पानासारखी हिरवी होते, आणि बोटभर लांब अळी नाकासमोर असून दिसत नाही. सगळा विध्वंस या हिरव्या अवस्थेतला. लहान असताना ती पानाची कड कुरतडते, हिरवी झाली की दोन दिवसांत फांदी साफ करते. म्हणून तुम्ही माहेरी जाताना पानं होती, येईपर्यंत गेली. रात्रीतून काही झालं नव्हतं. आठवडाभर आधीपासून ‘पाखरांची घाण’ वाढत होती.

पुढं दोनेक आठवड्यांनी ती खाणं थांबवते, एखाद्या काडीला रेशमी धाग्यानं स्वतःला बांधून घेते आणि कोष करते. पावसाळ्यात सुमारे आठ-दहा दिवसांत त्यातून नवं फुलपाखरू. म्हणजे महिनाभरात पुन्हा पहिल्यापासून. मृगापासून दसऱ्यापर्यंत हा फेरा चालूच असतो. थंडीनंतर झाडाला नवी पालवी फुटते तेव्हा पुन्हा.

उपाय इतका साधा आहे की लिहायलाही संकोच वाटतो. सकाळी तुळशीला पाणी घालता ना? तेव्हाच दोन मिनिटं लिंबापाशी थांबा. शेंड्याकडची कोवळी पानं, बागायतदार ज्याला ‘नवती’ म्हणतात ती, वरून आणि खालून बघा. पिवळं अंडं दिसलं तर नखानं काढा. शीट दिसली तर काडीनं टोचून बघा, हलली तर अळी. एका डब्यात साबणाचं पाणी ठेवा आणि अळ्या त्यात टाका. पूर्वी आपण रॉकेलचं पाणी ठेवत असू. आता रॉकेल घरोघरी राहिलं नाही, साबणाच्या पाण्यानं तेच काम होतं. हिरव्या अळीला हात लावायला किळस वाटत असेल तर जुना चिमटा वापरा, पण तो पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. अळी डसत नाही, तिच्या अंगावर खाजरे केसही नाहीत. ती शिंगं नुसती भीती दाखवायला असतात.

कमरेएवढ्या झाडासाठी एवढं पुरे होतं. खरं सांगायचं तर या झाडासाठी फवारणीचा विचारही करायला नको. मोठमोठ्या बागांतसुद्धा रोपवाटिकेत आणि लहान कलमांवर अळ्या हातानं वेचा असंच सांगतात.

आता ज्यांचं झाड छपरापर्यंत गेलं आहे त्यांनी तर घाबरायचं कारणच नाही. दहा-वीस अळ्यांनी चार फांद्या खाल्ल्या तरी मोठ्या झाडाला त्याचं काही वाटत नाही, पुढच्या पालवीत ते भरून काढतं. माझ्या धाकट्या मुलीनं तर एकदा भांडण काढलं होतं. शाळेत फुलपाखराचा धडा शिकवला आणि घरी आई अळ्या साबणात बुडवते! तिच्यासाठी आम्ही तडजोड केली. लहान झाडावरची अळी दिसली की ती उचलून मागच्या मोठ्या लिंबावर ठेवायची, आणि दोन अळ्या काचेच्या बरणीत, तोंडाला जुन्या साडीचा तुकडा बांधून, रोज ताजी डहाळी घालून पाळायच्या. बाराव्या दिवशी कोष झाला, विसाव्या दिवशी सकाळी फुलपाखरू. त्या दिवशी तिची शाळा बुडली आणि मीही रागावले नाही. आपल्या राज्याचं ‘राज्य फुलपाखरू’ म्हणून २०१५ साली ज्याची निवड झाली, ते निळं-काळं मोठं फुलपाखरूसुद्धा याच कुळातलं, आणि त्याच्या अळ्याही लिंबाच्याच जातीची झाडं खातात. घरात झाड मोठं असेल आणि मुलं लहान असतील, तर दोन-चार अळ्यांचा वाटा सोडून द्यायला हरकत नाही असं मला वाटतं. ड्रममधल्या दोन वर्षांच्या रोपाला मात्र हा दानधर्म परवडत नाही.

लिंबाच्या जवळपास काय लावलं आहे तेही बघा. आपला गोडलिंब, म्हणजे पुण्याकडच्यांचा कढीपत्ता, आणि दारचा बेल ही दोन्ही लिंबाचीच भावंडं. ही फुलपाखरं तिथंही अंडी घालतात. लिंबू रोज स्वच्छ करून अळ्या येतच राहिल्या, तर चार पावलांवरच्या गोडलिंबाकडे नजर टाका.

दुसरी तक्रार आहे अकोटहून. पानं खाल्लेली नाहीत पण वेडीवाकडी गुंडाळली आहेत, आणि त्यांच्यावर कुणी चांदीच्या रंगानं नागमोडी रेघा काढल्यासारख्या दिसतात. ही पान पोखरणारी अळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये राहून आतल्या आत खात जाते. तिला वेचता येत नाही, कारण ती पानाच्या पोटात असते. पुष्कळ जणी गुंडाळलेली सगळी पानं तोडून टाकतात. मीही तेच करत असे. झाड उघडंबोडकं होतं, ते घाईनं पुन्हा नवती काढतं, आणि या अळीला हवी असते ती नवतीच. म्हणजे आपणच तिला ताट वाढून देतो. रेघा पडलेलं पानसुद्धा झाडाला अन्न देतं, ते राहू द्यावं. त्याऐवजी बुंध्यातून आणि फांद्यांतून सरळ वर जाणारे, जाडजूड, पिवळसर-हिरवे पाणसोट तेवढे काढावेत. त्यांना फळ लवकर लागत नाही आणि किडीला मात्र फार आवडतात. आणि युरियाची मूठ सांभाळून. ‘झाड वाढत नाही’ म्हणून दर पंधरा दिवसांनी युरिया टाकणाऱ्या मैत्रिणी मला ठाऊक आहेत. त्यानं पालवी फुटतच राहते, आणि कीड हटत नाही.

या पोखरणाऱ्या अळीचा एक पाठीराखा आहे, तो जास्त वाईट. तिनं केलेल्या जखमांतून ‘खैऱ्या’ रोग शिरतो. पानावर, काडीवर, लिंबाच्या सालीवर तपकिरी, खरखरीत, उंचवट्यासारखे ठिपके, पानावर त्यांच्याभोवती पिवळी कडा. कागदी लिंबाला हा रोग फार लवकर होतो. लिंबू खायला चालतं, पण साल अशी खरबरीत की लोणच्याला घालवत नाही. रोगट काड्या कापून जाळाव्यात आणि बोर्डो मिश्रण मारावं. हे घरी करता येतं : दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, दहा ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, लोखंड-पितळेत नाही. मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळायचं. सुंदर आकाशी रंग येतो. त्यात स्वच्छ घासलेला खिळा मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर चुना कमी पडला, आणखी थोडा घाला. त्याच दिवशी वापरायचं, उरलेलं ठेवायचं नाही. भांडी स्वयंपाकाची वापरायची नाहीत, हे सांगायला नकोच.

या मिश्रणाची जन्मकथा मोठी मौजेची आहे. फ्रान्समध्ये बोर्दो भागातले द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, ते रोगासाठी नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरून खाऊ नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या त्याच वेली रोगातून वाचल्या आहेत. त्यांनी प्रयोग करून १८८५ साली ते जाहीर केलं. आपल्याकडे चिंचा पाडणाऱ्या पोरांवर कुणी असा उपाय केल्याचं ऐकिवात नाही.

पान वरून काळं, काजळी धरल्यासारखं झालं असेल तर ती ‘कोळशी’. वरूड-मोर्शीकडे माहेर असलेल्या मैत्रिणींना हा शब्द मी सांगायला नको. संत्र्याच्या बागा या कोळशीनं काळ्या पडलेल्या त्यांनी पाहिल्या असतील. काळी बुरशी हे नुसतं लक्षण. खरा उपद्रव पानाच्या खाली चिकटून बसलेल्या काळ्या माशीच्या पिल्लांचा. ती रस शोषतात, चिकट गोड पाणी टाकतात आणि त्या चिकट्यावर बुरशी वाढते. एखाददुसऱ्या घरगुती झाडाला पातळ साबणाच्या पाण्यानं पानं खालून धुवून काढणं पुरतं. अंगाला लावायच्या साबणाचा कीस घ्या. कपड्याच्या पावडरीनं कोवळी पानं भाजतात. आणि झाडावर मुंगळ्यांची रांग चढताना दिसली तर समजा वर मावा नाहीतर असलं काहीतरी चिकट पाणी टाकणारं बसलेलं आहे. मुंगळे त्यासाठीच येतात.

एक कीड मात्र लहान म्हणून सोडू नये, ती सिल्ला. कोवळ्या शेंड्यावर तिळापेक्षाही लहान, तपकिरी, शेपटी वर करून तिरपी बसलेली. तिच्यामुळं शेंडे वाळतात, आणि ती एका झाडाचा असाध्य रोग दुसऱ्या झाडावर नेते. अमेरिकेतल्या फ्लॉरिडात हा रोग २००५ साली सापडला. ज्या राज्याच्या संत्र्याचा रस जगभर जात होता तिथलं उत्पादन त्यानंतर नव्वद टक्क्यांहून जास्त घटलं. तुमच्या अंगणात शोभेला लावलेली कुंती असेल, पांढऱ्या सुवासाची, तर सिल्लाला ती फार प्रिय. लिंबाशेजारी कुंती नको.

या सगळ्यांसाठी, म्हणजे पोखरणारी अळी, मावा, सिल्ला आणि लिंबाच्या अळीचीही पिल्लं, माझ्याकडे एकच औषध असतं आणि ते फुकट मिळतं : निंबोळी. ज्येष्ठ-आषाढात आपल्याकडे कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो, त्यावरून आपण पाय घसरत चालतो. त्या गोळा करा, गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत टांगून ठेवा. प्लास्टिकमध्ये कोंडल्या तर बुरशी येते. लागेल तेव्हा पन्नास ग्रॅम बिया जाडसर कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यानं दोनदा गाळा, चिमूटभर साबण घाला म्हणजे पानाला धरून राहतं. फवारायचं ते संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, कारण कडू तत्त्व उन्हानं लवकर मरतं. पानाच्या खालून फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. गाळलेलं पाणी दुसऱ्या दिवसावर ठेवायचं नाही. निंबोळीनं अळी पटकन मरत नाही, तिची भूक मरते आणि तिला कात टाकता येत नाही. त्यामुळं दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून ‘काही उपयोग नाही हो’ असं पत्र मला पाठवू नका. चार दिवस थांबा.

हिंगाचं पाणी, आंबट ताक, हळद हे सगळं करून बघितलं आहे. नुकसान नाही, पण फायदाही मला दिसला नाही. तंबाखूचा काढा मात्र करू नका. ‘घरगुती’ म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण तंबाखूतलं विष कातडीतूनसुद्धा अंगात जातं.

आता ती बाटली.

गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. अश्विन महिना, कडक ऊन. आमच्या मागच्या लिंबावर आणि गोडलिंबावर अळ्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. नात्यातल्याच एकांनी शेतातून कपाशीवर मारायचं औषध आणून दिलं, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत. त्यांचा हेतू चांगलाच होता. ‘टोपणभर घाला बादलीत,’ म्हणाले. केवढी बादली, कुठलं टोपण, मी विचारलं नाही. फवारणीचा पंप नव्हता म्हणून मुलांची होळीची पिचकारी घेतली. झाड डोक्यापेक्षा उंच. मी खाली उभी राहून वर पिचकाऱ्या मारत होते आणि अर्धं पाणी माझ्याच तोंडावर, हातांवर, दंडांवर पडत होतं. तोंडाला पदर लावला होता. तो भिजला तो तसाच लावलेला. काम झालं, हातपाय धुतले, आणि त्याच साडीत पोळ्या लाटायला बसले.

तासाभरात डोकं दुखायला लागलं. उन्हाचं असेल म्हटलं. मग दरदरून घाम, तोंडाला सारखं पाणी, पोटात कळा आणि उलटी. दिव्याकडे बघितलं तर अंधुक. हात थरथरत होते. यजमानांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. त्यांनी पहिला प्रश्न केला : “काय फवारलं? बाटली आणलीत का?” यजमान परत येऊन बाटली घेऊन गेले. तिच्यावर काय लिहिलं होतं, तर खोकल्याच्या औषधाचं नाव, आणि लहान मुलांना एक चमचा दिवसातून तीन वेळा.

त्या रात्रीपासून मला इंजेक्शनं देत होते. दोन रात्री दवाखान्यात काढल्या. बरी झाले म्हणून हे लिहिते आहे. पण तिकडे घरी काय झालं ते ऐका. सासूबाईंना फवारल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी संध्याकाळी मागच्या दारी जाऊन गोडलिंबाची डहाळी तोडली, स्वच्छ धुतली आणि वरणाला फोडणी दिली. यजमान बाटली घ्यायला आले तेव्हा मुलांची ताटं वाढलेली होती. मुलाचा हात भातात होता. त्यांनी ते पातेलं तसंच उचलून मागं ओतलं. सासूबाई नंतर कितीतरी दिवस म्हणायच्या, “मी धुतली होती गं डहाळी.” धुतली होती, खरंच. पण अशी पुष्कळ औषधं पानाच्या आत मुरतात, ती धुतल्यानं जात नाहीत. शेतातल्या कपाशीला कुणी फोडणीत घालत नाही. आपल्या परसदारातलं पान सकाळी झाडावर असतं आणि दुपारी ताटात.

त्या बाटलीत नेमकं काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. आणून देणाऱ्यांनाही नव्हतं.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात होते. कपाशी त्या वर्षी माणसाच्या उंचीची झाली होती आणि फवारा तोंडावर येत होता, असं वर्तमानपत्रांत वाचलं तेव्हा मला माझी पिचकारी आठवली. ती माणसं तर रोज फवारणारी, जाणती. परसदारात फवारणाऱ्या आपल्याला त्यांच्याइतकीही माहिती नसते.

म्हणून परतवाड्याच्या ताई, भासऱ्यांना नाही म्हणायचा संकोच वाटत असेल तर माझं नाव पुढं करा. ‘अंकात आलंय, चालत नाही म्हणतात,’ असं सांगा. थोरल्या माणसाला दुखवायचं नाही आणि बाटलीही घ्यायची नाही, हे आपण बायका बरोबर जमवतो.

ज्यांच्या घरी अशी बाटली आधीच आहे, न्हाणीघराच्या फळीवर, जिन्याखाली, कोठीत, त्यांनी आज संध्याकाळी ती शोधून काढावी. लेबल नसेल तर वापरू नका, मोरीत ओतू नका, रिकामी करून तिच्यात दुसरं काही भरू नका. शेतावरच्या माणसाला परत न्यायला सांगा. दुकानातल्या मूळ डब्यावर त्रिकोणी खूण असते. लाल सर्वांत जहाल, मग पिवळी, निळी, हिरवी. लाल-पिवळ्याचं घरात काहीच काम नाही. त्याच डब्यावर कोणत्या पिकासाठी औषध आहे आणि फवारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही तेही लिहिलेलं असतं. भाजीपाल्यावर वापरायला २००५ सालीच बंदी केलेलं मोनोक्रोटोफॉससुद्धा ‘कपाशीचं औषध’ म्हणून किती घरांत पडलेलं असेल देव जाणे.

आणि कुणाला असा घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणं सुरू झालंच, तर कपडे आधी काढा, साबणानं अंग धुवा, १०८ ला फोन लावा आणि डबा बरोबर न्या. दूध-तूप पाजत, उलट्या काढत घरी वेळ घालवू नका.

झाडाचा रोग ओळखता येत नसेल तर एक डहाळी कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. अकोल्याच्या मैत्रिणींना तर कृषी विद्यापीठच घराशी आहे, १९६९ पासून. नुसतं पान दाखवायला आलेल्या बाईला तिथं कुणी परत पाठवत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

राहिलेल्या पत्रांना थोडक्यात. चांदूर बाजारच्या मैत्रिणीनं लिहिलंय की संत्र्याचं कलम लावलं आणि चार वर्षांनी त्याला लांब काटे आणि खरबरीत, आंबट, जाड सालीची फळं आली, रोपवाल्यानं फसवलं का? बहुतेक नाही. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधलेला असतो. डोळ्याच्या खालून फुटलेली फांदी वेळीच काढली नाही तर जंबेरीच वाढते आणि संत्रा मरतो. बुंधा नीट बघा, एखादी मूळ संत्र्याची फांदी जिवंत असेल तर तिच्याखालचं सगळं कापून टाका. नसेल तर जंबेरीचं लोणचं घाला, वाईट होत नाही.

मूर्तिजापूरच्या ताईंच्या झाडाच्या बुंध्यातून डिंक येतोय. तो डिंक्या रोग. आपल्या काळ्या भुईत पाणी साचतं, आणि आपण आळं करून थेट बुंध्याशी पाणी ओततो, त्यानं तो होतो. बुंध्याजवळची माती बाजूला करा, आळं हातभर दूर घ्या. डिंक आलेली साल धारदार सुरीनं खरवडून तिथं मोरचूद आणि चुन्याची दाट पेस्ट लावा. सुरी नंतर धुऊन बागेच्याच सामानात ठेवा.